खिडकी, पेंग्विन आणि ‘जतन करा’

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तीर्थपुरीच्या बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबाऱ्याचा उतारा, असा साऱ्या गावाचा संसार तिथे एका जुन्या संगणकाच्या जिवावर चालतो. त्या संगणकात विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ घालावे, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि ती आमच्या यंत्रात नव्हती. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, नव्या संगणकाची किंमत विचारून आले आणि बराच वेळ गल्ल्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, “तू कॉलेजात शिकतोस ना? ते फुकटचं लिनक्स टाकून बघ. पण गिऱ्हाईक माघारी जाता कामा नये.”

आता अस्मादिक पडलो मराठी वाङ्मयाचे विद्यार्थी! पण १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स हाही हेलसिंकीच्या विद्यापीठातला एक विद्यार्थीच होता, हे वाचून मला धीर आला. पेनड्राइव्हवरून मी उबुंटू नावाचे लिनक्स घातले. विंडोज पुसले नाही. यंत्र सुरू करताना दोहोंपैकी एक निवडायचे, अशी व्यवस्था केली. (तिसरा पक्ष ॲपलच्या मॅकचा. तो आमच्या बाजारात मी पाहिलेला नाही, तेव्हा त्याच्याविषयी न बोललेले बरे.)

पहिल्याच दिवशी फजिती झाली. दुकानातले अर्जांचे नमुने जुन्या फाँटात टाइप केलेले होते. हे फाँट पोटात इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतात आणि वर मराठीचा मुखवटा चढवतात. लिनक्समध्ये तो फाँट नव्हता, त्यामुळे ‘मा. तहसीलदार साहेब’ यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसू लागला. फाँटाची फाइल उचलून इकडे आणली, तेव्हा कुठे साहेब पुन्हा साहेब झाले. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावर मात्र असा प्रसंग आला नाही. तो दोन्हीकडे सुखाने उघडला. इन्स्क्रिप्टचा कळफलकही दोन्हीकडे सारखाच, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला.

भाऊंना तरीही चैन पडेना. त्यांनी एमएस-सीआयटी केले ते विंडोजवर. त्यांचा पुतण्या, शेजारचा मोबाईलवाला, शाळेतले गुरुजी, सगळे त्याच वाटेने शिकलेले. काही अडले की भाऊ दारातून हाक मारतात, आणि कोणी ना कोणी येऊन ‘इथं दाबा’ म्हणून सांगते. लिनक्स अडले तर हाक मारायची कोणाला? विंडोज सोपे वाटते, त्यात असा निम्मा वाटा गल्लीचा आहे. नाहीतर २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण गेले, तेव्हा याच भाऊंनी दोन दिवस दुकान बंद ठेवल्याचे ते स्वतःच सांगतात.

आमच्या तात्यांनी तर निकालच देऊन टाकला, “ह्या पेंग्विनचं काही खरं नाही.” तात्या २०२१ पासून कपाशीत उभे राहून मोबाईलवर ई-पीक पाहणी करतात, फोटो काढून पीक नोंदवतात. त्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी फोन उलटा करून पाहिला आणि खिशात घातला.

खरा पेच पडला तो अंगठ्यापाशी. निराधार योजनेचे पैसे काढायला एक आजीबाई आल्या. अंगठा घेण्याच्या आमच्या यंत्राचा प्रोग्रॅम विंडोजपुरताच बनवलेला होता. लिनक्समध्ये आजींनी तीनदा अंगठा टेकवला. मग लुगड्याला पुसून चौथ्यांदा टेकवला आणि म्हणाल्या, “माझाच अंगठा झिजला असंल, बाबा.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. यंत्र बंद करून विंडोज सुरू केले आणि त्यांचे पैसे काढून दिले. तेव्हापासून अंगठ्यापुरते विंडोज आणि बाकी इंटरनेटचे काम लिनक्सवर, अशी वाटणी ठरली.

एके दुपारी आई भाकरी घेऊन आली. माझ्या शिष्यवृत्तीसाठी तिच्या सहीचा एक अर्ज लागत होता. त्या वेळी विंडोज सुरू होते, आणि मी हौसेने त्याच्यावर मराठी भाषा चढवली होती. ती मिळते फुकट, पण दुकानात कोणी वापरत नव्हते. भाऊ तर “सेव्ह कुठं गेलं?” म्हणून सकाळपासून करवादत होते. आई चौथीपर्यंत शिकलेली. पडद्याकडे बोट करून तिने हळूहळू वाचले, “जतन करा. म्हणजे नीट ठेवून द्यायचं, असंच ना?” मी माऊस तिच्या हातात दिला. बाण दोनदा भलतीकडे गेला. तिसऱ्यांदा तिने तो बरोबर नेला आणि दाबला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी भाषा पुन्हा इंग्रजी करून घेतली. फाइल मात्र ‘आईचा अर्ज’ या नावाने अजून तिथेच आहे.