मावशीचा पासपोर्ट

म्हैसूरकरांना पासपोर्ट काढणे आता अवघड राहिलेले नाही. टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र उघडण्याचा देशातला पहिला प्रयोग म्हैसूर आणि गुजरातेतल्या दाहोदलाच झाला, २५ जानेवारी २०१७ रोजी. लष्कर मोहल्ल्यात, सेंट फिलोमिना चर्चच्या जोडमनोऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या मावशीनेही चौसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला, कुणाला सोबतीला न घेता. पंचाईत झाली ती त्यानंतर.

मुलगी इंग्लंडात लेस्टरला, दिवस भरत आलेले. ओळखीतल्या एका एजंटाने सांगितले, ‘‘व्हिसाच्या भानगडीत कशाला पडता? दोन महिन्यांसाठी ई.टी.ए. पुरतो. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम.’’ त्या पाच मिनिटांचे त्याने बारा हजार रुपये मागितले. मावशीने मला फोन लावला, ‘‘अगं, तू एवढं लिहितेस, खरं का हे?’’

खरे असते तर किती बरे झाले असते! ई.टी.ए. म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथोरायझेशन, प्रवासाची पूर्वपरवानगी. पण ब्रिटनमध्ये ती मिळते कुणाला? थोड्या दिवसांच्या भेटीसाठी ज्यांना मुळात व्हिसाच लागत नाही, त्यांना. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, म्हणजे ई.टी.ए.चा प्रश्नच मिटला. तुमचे वय, बँकेतली शिल्लक, मुलीचे तिथले घर, यातले काहीच इथे कामी येत नाही. पाहतात फक्त पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते.

गंमत पाहा. मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबे आहेत, एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज. तिथल्या एखाद्या मराठी आजीला ८ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनची ई.टी.ए. घेऊन जाता येते. त्याच वर्षीच्या एप्रिलात तिचे शुल्क १६ पौंड झाले. एकदा मिळाली की साधारण दोन वर्षे चालते. लष्कर मोहल्ल्यातल्या आजीला मात्र नाही. १९८६पर्यंत तिकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्या भारतीयालाही आधी व्हिसा काढावा लागत नसे, हे आज कुणाला सांगून पटत नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या ई.टी.ए.तही भारतीय पासपोर्ट बसत नाही. श्रीलंका आणि केनियाची मात्र आपल्याला घरबसल्या काढता येते. कदाचित त्यामुळेच लोकांचा घोटाळा होतो आणि एजंटाचे फावते.

मावशीने एजंटाला नकार कळवला आणि रीतसर व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरला. बोटांचे ठसे द्यायला बंगळुरू गाठले. बँकेचे उतारे, मुलीचे पत्र, घराचे कागद, सगळे जमवले. पण भेट संपली की तुम्ही परत येणार हे दाखवा, म्हटल्यावर ती बिथरली. रागावली की ती कानडीत शिरते. मराठीत आल्यावर म्हणाली, ‘‘चाळीस वर्षं या घरात काढली. तुझे काका इथं एकटे. परत नाही येणार तर जाईन कुठं?’’ हे पुराव्यात कसे मांडायचे, यावर आम्ही दोघींनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. नियम असावेत, कबूल. पण लेकीचे बाळंतपण करायला निघालेल्या आईला असे विचारणे मला अजून खटकते.

अशा अर्जाला साधारण तीन आठवडे लागतात. मावशीचा व्हिसा एकोणिसाव्या दिवशी आला. बाळ त्याच्या चार दिवस आधीच आले होते.

लेक-जावई तिथे कायम वास्तव्याची परवानगी घेऊन राहतात. त्यामुळे नातू जन्मानेच ब्रिटिश. त्याला आजोबांकडे म्हैसूरला आणायचे तर भारताचा ई-व्हिसा तरी हवा, नाहीतर ओ.सी.आय. कार्ड. मावशी सध्या तिकडे त्याचा फोटो काढून घेण्याच्या खटपटीत आहे. फोटोत डोळे उघडे हवेत, आणि कॅमेरा समोर आला की पठ्ठ्या झोपतो!