प्रवेशाच्या अटी: तुझ्या आणि कॉलेजच्या

सातारा,
रविवार

चि. मनू,

तुझा मेसेज आला आणि पाठोपाठ दादाचा फोन. नीटला जमलं नाही, आता पोरीला फार्मसीला घालू, असं तो म्हणाला. नुसतं तेवढ्यासाठी घालणार असशील तर घालू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तू मात्र नेमकं विचारलंस: पात्रतेला काय लागतं, गणित घेतलेलं नाही ते चालेल का, आणि डी. फार्म. करू की बी. फार्म. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

पात्रतेचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. बी. फार्म.ला बारावी विज्ञान लागतं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवेच, तिसरा विषय जीवशास्त्र किंवा गणित, आणि इंग्रजी. आपल्याकडे या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के लागतात. तू त्याच्या पुष्कळ वर आहेस. त्यानंतर राज्याची सीईटी. तुझ्या पीसीबी गटाला ती २०० गुणांची असते: भौतिक ५०, रसायन ५०, जीवशास्त्र १००. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के वजन, उरलेलं बारावीला, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. तू ती दिली आहेस, हे फार बरं केलंस. आपल्याकडच्या किती मुली नीटच्या भरात सीईटीचा अर्जच भरत नाहीत!

आता या सीईटीत पात्र ठरायला किती गुण लागतात? शून्यापेक्षा जास्त, एवढंच. नामांकित कॉलेजं वरच्या पर्सेंटाइलला भरतात हे खरं, पण पात्रतेची रेषा म्हणून विचारशील तर ती इतकी खाली आहे. आणि कॉलेजं उदंड झाली आहेत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षं बंदी घातली होती. बंदी घालायची तर ती नियम करून घालायला हवी, नुसत्या ठरावाने नाही, असं म्हणत २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. तेव्हापासून तालुक्यातालुक्यात फार्मसीच्या नव्या पाट्या लागल्या. त्यातली काही कॉलेजं मनापासून चालवलेली आहेत, काहींत इमारतीपलीकडे फारसं काही नाही. म्हणून मनू, कुठंतरी प्रवेश मिळेल का ही काळजी तू सोडून दे. मिळेल. तुला कुणी फारसं पारखून घेणार नाही, तेव्हा पारखण्याचं काम तुलाच करायचं आहे. कॉलेजही पारखायचं आणि स्वतःलाही.

हे मी एवढं जोर देऊन का सांगते ते औषधं देण्याच्या माझ्या खिडकीशी उभं राहिलं की कळतं. तान्ह्या बाळाचं पॅरासिटॅमॉल दोन रूपांत येतं. थेंबांच्या बाटलीत एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीलिटरला १२५, म्हणजे एका मिलीलिटरला फक्त २५. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच. सिरप समजून थेंबांचं औषध मापाने पाजलं तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं आणि त्याच्या यकृतावर बेततं. दुसरं, मेथोट्रेक्झेट. संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रुग्णाला रोज गोळ्या घ्यायची सवय, तो हीसुद्धा रोज घेऊ लागतो आणि काही दिवसांत तोंड येतं, शरीरात रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावूही शकतो. ही गोळी देताना वार विचारायचा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि आजीबरोबर आलेल्या नातवाकडून तो परत म्हणून घ्यायचा, हे आमचं काम. डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या मध्ये शेवटचं उभं असलेलं शिकलेलं माणूस म्हणजे आपण. आपल्या हातून सुटलं की पुढे अडवणारं कुणी नाही.

यावरूनच तुझ्या गणिताच्या प्रश्नाकडे येते. बारावीला गणित नसेल तरी चालतं. पहिल्या सत्रात जीवशास्त्रवाल्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं आणि गणितवाल्यांना रेमेडियल बायॉलॉजी. पुष्कळ मुलं तो पेपर कसाबसा काढतात आणि विसरतात. तू तसं करू नकोस. लॉगरिदम, ग्राफ, थोडं कॅल्क्युलस; औषध रक्तातून किती वेगाने उतरतं, बाटलीतलं औषध किती महिन्यांनी निकामी होतं, हे सगळं पुढे त्याच्यावरच उभं आहे. चौपट डोसचा हिशेब मात्र सातवीतल्या मुलीलाही येईल. तिथे गणित कमी पडत नाही, लक्ष कमी पडतं.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण मला ठाऊक आहे. आपलं सगळं शिक्षण मराठीतून. बी. फार्म.ची पुस्तकं, पेपर, तोंडी परीक्षा सगळं इंग्रजीतून चालतं आणि पहिले काही महिने जड जातात. सुट्टीत रसायनशास्त्राचं बारावीचं इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचत जा. रसायन पक्कं असेल तर भाषा मागून येते. उलटं होताना मी पाहिलं नाही.

डी. फार्म. की बी. फार्म., यावर दादाचं आणि माझं पटत नाही. दादाचं म्हणणं, दोन वर्षांत मोकळी होईल, मेडिकल टाकून देतो. डी. फार्म.ला सीईटी लागत नाही. तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या गुणांवर यादी लागते. दोन वर्षं शिकायचं आणि वर ५०० तास प्रत्यक्ष औषधं देण्याचं प्रशिक्षण. आता नोंदणीआधी एक्झिट परीक्षेचा नियमही २०२२ मध्ये झाला आहे, आणि मला तो योग्य वाटतो. डिप्लोमा कमी प्रतीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम करणारे कित्येक जण डी. फार्म.च आहेत आणि साऱ्या गावाचा त्यांच्यावर भरवसा असतो. पण औषध निरीक्षक व्हायचं तर पदवीच लागते, औषध नियमांतच तसं आहे. कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा संशोधनात जायचं तरी पदवी हवी. तू लहानपणापासून गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचणारी. तुला चार वर्षं द्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाची अडचण अगदीच आली तर डी. फार्म. करून थेट बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे, तीही काही वाईट नाही. सहा वर्षांच्या फार्म. डी.चा विचार आत्ता नको. तो रुग्णालयाच्या वॉर्डात काम करण्याचा अभ्यासक्रम आहे आणि त्याची चांगली कॉलेजं थोडी आहेत.

पैशाचं दादाला वाचून दाखव. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. आपण त्यात बसतो. मात्र ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीतून झालेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून कुणी "ताई, सीट पक्की करून देतो" म्हणालं, तर ती वाट घेऊ नका.

आता कॉलेजच्या अटी, म्हणजे ज्या तू त्यांना घालायच्या आहेत.

पहिली अट कायद्यातलीच आहे. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या बाराव्या कलमाखाली कौन्सिलची मान्यता असेल तरच त्या कॉलेजच्या पदवीवर राज्याच्या नोंदवहीत तुझं नाव चढेल, आणि नाव चढलं नाही तर बेचाळिसाव्या कलमाप्रमाणे तुला चिठ्ठीवर औषध देता येणार नाही. चार वर्षं आणि सगळी फी पाण्यात. तेव्हा कॉलेजच्या फलकावर, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, कौन्सिलच्या यादीत त्या कॉलेजचं नाव, त्या अभ्यासक्रमाचं नाव आणि यंदाच्या वर्षाची मान्यता स्वतः बघ. बी. फार्म.ची मान्यता वेगळी, डी. फार्म.ची वेगळी.

दुसरी माझी. प्रत्यक्ष जा, तेही शिकवण्याच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. प्रयोगशाळेत मुलं उभी आहेत का? काचेच्या भांड्यांना वापराचे डाग आहेत का? मशीन रूममधलं गोळ्यांचं यंत्र चालवून दाखवायला सांग. औषधी वनस्पतींची बाग असते, तिथल्या दोन झाडांची नावं शिक्षकांना विचार. वरच्या वर्गातल्या मुलींना बाजूला घेऊन विचार की औषधशास्त्र शिकवायला कोण आहे आणि ते गेल्या वर्षीही होते का. शिक्षक सारखे बदलत असतील तर ते कॉलेज यादीत खाली टाक.

आणि "हजेरीचं बघून घेऊ" असं जिथे म्हणतील तिथून उठून ये. बी. फार्म.ला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरीचा नियम आहे. "नॉन-अटेंडिंग" नावाचा जो प्रकार आहे, त्यात मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि परीक्षेपुरता कॉलेजात येतो. पुढे त्यातलेच काही जण आपलं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला महिन्याच्या भाड्याने देतात. भिंतीवर फ्रेम एकाची आणि काउंटरवर औषध देणारा दहावी झालेला पोरगा. मघाशी सांगितलेलं थेंबांचं आणि सिरपचं औषध तिथे कोण ओळखणार? मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो. दादाला मेडिकल टाकायचं असेल तर त्याने खुशाल टाकावं, पण तिथे तू उभी राहणार असशील तरच.

कागदपत्रांचं आजच सुरू करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मस्थळ नीट लिहिलेलं आहे ना ते बघ, नसेल तर अधिवासाचा दाखला लागेल. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जुन्या दाखल्याची मुदत संपलेली नाही ना ते बघ. वैधतेला सगळ्यांत वेळ लागतो, समितीकडून त्रुटी निघाली की आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत फिरावं लागतं. तो उतारा आईच्या लोखंडी पेटीत आहे, तिला विचार. सेतूत जाण्याआधी सगळ्या कागदांवर तुझं आणि दादाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते तपास.

पसंतीक्रम भरताना कॉलेजं खरोखर हव्या त्या क्रमाने भर. पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप पक्की होते, मग पुढच्या फेरीत बदल नाही. त्यामुळे "हे तर मिळेलच" म्हणून जवळचं कॉलेज वर टाकायचं नाही. मुंबईची आयसीटी, कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरीची शासकीय कॉलेजं, ही नावं पर्सेंटाइलचा विचार न करता आधी लिही. पर्सेंटाइल कमी पडला तर यंत्रणाच तुला खाली नेईल. तुझ्या हाताने स्वतःला खाली नेऊ नकोस.

दादाला सांग, पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे. तुम्ही दोघं सकाळच्या एसटीने निघा. कराडचं शासकीय कॉलेज आधी पाहू, मग वाटेवरची आणखी दोन. येताना मूळ गुणपत्रिका नको, झेरॉक्स आण, आणि तुझी कॉलेजांची कच्ची यादी मला शुक्रवारपर्यंत पाठव.

तुझी,
आत्या