उचंत खातं



आमच्या घरी दशलक्षण पर्व आणि टॅक्स ऑडिटची धावपळ एकाच वेळी येते. पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, आणि ऑडिट रिपोर्टची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. त्यामुळे पुण्यात सी.ए. असलेला माझा थोरला लग्नानंतर एकाही पर्वाला वडूजला आला नव्हता. गेल्या वर्षी शेवटच्या दोन दिवसांसाठी आला. आला म्हणजे सूनबाईने पाठवला. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, हे रात्री झोपतच नाहीत. तुम्ही बघा जरा."

हा मुलगा लहानपणी चौथीच्या स्कॉलरशिपचा पेपर देऊन आला की घरी बसून तो पुन्हा सोडवायचा. एक मार्क कुठे गेला ते सापडेपर्यंत जेवायला उठायचा नाही. आम्ही चारचौघांत कौतुकाने सांगायचो, फार विचारी पोरगं आहे. पुढे सी.ए. पहिल्याच प्रयत्नात झाला आणि विचार करत राहणं म्हणजेच हुशारी, हे त्याच्या आणि आमच्याही डोक्यात पक्कं बसलं. आता सूनबाई सांगते, पाठवून दिलेला मेल रात्री दहा वेळा वाचतात. सही केलेला ताळेबंद अंथरुणात आठवून बघतात.

पर्वात आमच्या मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवसांत वाचतात, रोज एक. तो आला त्या दिवशी नववा होता. या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार येतात आणि पहिलंच आहे आर्तध्यान. नको ते वाट्याला आलं, हवं ते गेलं, दुखणं लागलं, पुढे काही मिळावं म्हणून जीव अडकला, या चार गोष्टींत मन रुतून बसणं. मला इतकी वर्षं वाचूनही एक गोष्ट त्या दिवशी नव्याने लक्षात आली. उमास्वामींनी यालाही ध्यानच म्हटलंय! म्हणजे काळजी करणाऱ्याचं चित्त एकाग्र नसतं असं नाही, नको तिथे एकाग्र असतं.

घरी येताना मी त्याला म्हटलं, सूत्रात असंही आहे की चित्त एका विषयावर अंतर्मुहूर्तापर्यंतच टिकतं. म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच.

तो हसला. "माझं तीन वर्षं टिकलंय, आई."

तीन वर्षं म्हटल्यावर मी गप्पच झाले. हे जाऊन तीन वर्षं झाली होती.

रात्री दोनला झोपाळ्याची कडी वाजली म्हणून उठले. दिवा न लावता बसला होता. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने बोलला. त्या रात्री नऊच्या फोनवर पप्पा म्हणाले होते, जरा जळजळतंय. तो ऑडिटच्या गडबडीत म्हणाला, ॲसिडिटी असेल, गोळी घ्या. "मी तेव्हाच निघा म्हटलं असतं तर? साताऱ्याला दीड तास. दहाला निघाला असता, साडेअकराला पोचला असता." वेळांचा पूर्ण तक्ता त्याला पाठ होता. रोज रात्री तो हाच हिशेब मांडायचा आणि रोज उत्तर एकच यायचं.

समोरच्या भिंतीवर कुंभोजच्या बाहुबलींचा फोटो आहे. ह्यांनीच मुलं लहान असताना तिथून आणलेला. २८ फुटी मूर्ती, पायांवर वेली चढलेल्या. बाहुबलींनी भरताला दृष्टियुद्धात, जलयुद्धात, मल्लयुद्धात हरवलं, जिंकलेलं सगळं सोडलं आणि वर्षभर उभे राहिले. तरी केवलज्ञान होईना. माझी आजी सांगायची, आपण उभे आहोत ती जमीन भरताची, हे त्यांना टोचत होतं. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी कारण वेगळं दिलंय, आपल्यामुळे भावाला क्लेश झाला हे. मला ते जास्त पटतं. एवढा मोठा तपस्वी, पण तो काटा त्यांचा त्यांना निघाला नाही. भरत स्वतः येऊन नमला तेव्हा निघाला.

मग मी त्याला तीन वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगितली. फोन ठेवल्यावर तासाभरातच ह्यांना घाम सुटला होता. मी म्हटलं, गाडी बोलावते, पोराला कळवते. हे म्हणाले, त्याच्या तारखा आहेत, सकाळी बघू. आणि मी ऐकलं. बारापर्यंत बसून राहिले. मग शेजाऱ्यांना उठवलं. पुसेगाव गेलं, कोरेगाव यायच्या आतच सगळं संपलं.

"दीड-दोन तास?" तो म्हणाला. मला वाटलं होतं जवळ घेईल. उठून बाहेर ओट्यावर गेला आणि उजाडेपर्यंत आत आला नाही. मी आतून त्याची पाठ बघत होते. वाटलं, त्याचा काटा काढायला गेले आणि पोरगाच गमावला की काय.

चतुर्दशीला सकाळी अभिषेकाला मात्र माझ्याबरोबर आला. एक शब्द बोलला नाही. दुपारी पुण्याला गेला.

क्षमावाणीला फोन आला. "उत्तम क्षमा, आई." मीही म्हटलं. दोघंही जरा वेळ रडलो. मग म्हणाला, मी कुणाकडे तरी जातो दाखवायला. मी म्हटलं, अवश्य जा. मंदिरात सगळं मिळतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

त्या समुपदेशक ताईंनी त्याला दोन गोष्टी दिल्या. एक, काळजीची वेळ ठरवून घ्यायची, संध्याकाळी अर्धा तास, वहीत लिहून. रात्री विचार आला तर म्हणायचं, उद्या सहाला ये. दुसरी गोष्ट अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीची. १९५५ सालापासूनची ही पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. 'मला कळायलाच हवं होतं' यातला 'च' तपासायचा. कळलं असतं तर बरं झालं असतं, हे खरं. कळायलाच हवं होतं, हा नियम कुणी केला?

मला यात आमचं सामायिक-प्रतिक्रमणच दिसलं. मागे वळून बघायचं, पण ठरल्या वेळी, आणि शेवटी कायोत्सर्ग, २७ श्वासांत नऊ णमोकार, की उठायचं. त्याला मात्र मी बी.कॉम.च्या भाषेत सांगितलं. तेरीज जुळली नाही म्हणून कुणी दुकान बंद ठेवत नाही, फरक उचंत खात्यात टाकतात आणि दुसऱ्या दिवसाची रोजकीर्द उघडतात. तो म्हणाला, "आई, उचंत खातं वर्षअखेरीस मिटवावं लागतं. ऑडिटर विचारतो." सी.ए. तो सी.ए.च!

अजून काही रात्री जागतो, सूनबाई सांगते. पण आधीसारखं रोज नाही.

आमच्यात आता एक ठरलंय. वडूजला काही दुखलं-खुपलं तर वेळ न बघता फोन करायचा. गेल्या महिन्यात रात्री दीडला माझ्या पोटात कळ आली. आधी हात आखडला, मग केला. पहिल्याच रिंगला उचलला. चार प्रश्न विचारले, इथल्या डॉक्टरांना फोन लावला, ते पंधरा मिनिटांत आले. गॅस निघाला! सकाळी सूनबाईला विचारलं, मग जागाच राहिला असेल ना रात्रभर?

ती म्हणाली, "कुठलं! डॉक्टरांचा फोन झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागले."