बोईसरला उतरा आणि वर्कशॉप बघाच!

एका दमात सांगते, कारण सांगितल्याशिवाय राहवणार नाही. डहाणू लोकलनं बोईसरवरून आजवर कितीदा तरी गेलेय. सकाळच्या पाळीसाठी धावणारा लोंढा, खच्चून भरलेल्या रिक्षा, वाऱ्याबरोबर डब्यात शिरणारा रासायनिक दर्प, आणि त्यावर कुणीतरी हमखास म्हणणार, 'कंपन्या एवढ्या, पण इथल्या पोरांना काम कुठे?' परवा पालघरकडच्या एका आयटीआयचं वर्कशॉप पाहिलं, त्यानंतर बोईसरलगतच्या तारापूर एमआयडीसीतला एक कारखाना. या दोन्हींना जोडणारा रस्ता कधीचा आखून ठेवलाय, आणि तो मला एकानंही आजवर दाखवला नव्हता!

आधी वर्कशॉप. एका कोपऱ्यात पाइपचे दोन तुकडे फ्लँजला फ्लँज लावून ठेवलेले, मध्ये गॅस्केट, भोवती आठ बोल्ट. विक्रमगडकडची एक मुलगी पान्यानं ते आवळत होती. मला वाटलं, एक झाला की शेजारचा. छे! तिनं एक आवळला, मग बरोबर त्याच्या समोरचा, मग काटकोनातला, मग त्याच्या समोरचा. पहिल्या फेरीत एकही पुरता आवळला नाही, नुसता धरला. दुसऱ्या फेरीत आणखी थोडा, तिसऱ्या फेरीत पुरा. मी विचारलंच, एवढा उपद्व्याप कशाला? 'ओळीनं आवळले तर गॅस्केट एकीकडे चेपतं आणि दुसरीकडे फट राहते, मॅडम.' आणि त्या फटीतून काय येतं? इथे पाणी, तारापूरला ॲसिड. पलीकडे उभे असलेले निदेशक सर (आयटीआयत शिक्षकाला निदेशक म्हणतात) काहीच बोलले नाहीत, फक्त तिनं जिथे सुरुवात केली होती त्या बोल्टवर पुन्हा एकदा पाना लावून पाहिला. तो हलला नाही. त्या क्षणी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, खरंच.

मग सरांनी व्यवसायांची यादी दाखवली. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन ही नावं आपल्याला ठाऊक असतात. पण आयटीआयच्या देशभरच्या अभ्यासक्रमांत 'अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट' नावाचा दोन वर्षांचा एक अख्खा व्यवसाय आहे! एओसीपी म्हणतात त्याला. त्याच्या जोडीला केमिकल प्लांटसाठीच वेगळा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, वेगळा मेंटेनन्स मेकॅनिक आणि वेगळा लॅब असिस्टंट. म्हणजे तारापूरच्या औषध, रंग आणि रसायनांच्या कारखान्यांना जो माणूस लागतो, नेमका त्याचाच अभ्यासक्रम सरकारी पुस्तकात तयार पडलाय!

हा ऑपरेटर काय करतो ते मी सरांबरोबर कारखान्यात पाहिलं. रिॲक्टर म्हणजे मोठं बंद भांडं. भोवती जॅकेट, त्यातून गरजेप्रमाणे वाफ सोडायची किंवा थंड पाणी. आत ढवळणी फिरत असते. पहिलं रसायन आधीच आत घातलेलं असतं, दुसरं हळूहळू सोडत जायचं आणि डोळा तापमानावर ठेवायचा. पारा चढू लागला की भर थांबवायची, थंडावा वाढवायचा. आणि ढवळणी बंद पडली तर? तेव्हाही भर आधी थांबवायची, कारण न मिसळलेलं रसायन आत साचतं, आणि कुणी घाईनं ढवळणी पुन्हा चालू केली की सगळी उष्णता एकदम उसळते. बॅच शीटवर हे सगळं लिहिलेलं असतं, पण ते का लिहिलंय हे ज्याला कळतं, त्याचा हात वेळेवर व्हॉल्व्हकडे जातो. तारापूरच्या स्फोटांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. जानेवारी 2020 मध्ये तिथल्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात माणसं गेली. म्हणून सांगते, पोरं शिकवणं हा नुसता रोजगाराचा विषय नाही, ज्यांची घरं कुंपणापलीकडे आहेत त्यांच्या जिवाचाही आहे.

आणि आता ज्यानं मला अक्षरशः उडवलं ते. कायदा! शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे. ज्या आस्थापनेत 30 किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के, जास्तीत जास्त 15 टक्के. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरायचे! म्हणजे ठेकेदाराची माणसं धरून 200 जण असलेल्या कारखान्यात कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 30 पोरांना जागा. वर शिकाऊ उमेदवारीची 2016 पासूनची राष्ट्रीय योजना आहे. तिच्यात विद्यावेतनातला 25 टक्के वाटा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. शिवाय त्याच साली आलेली दुहेरी प्रशिक्षण पद्धत, म्हणजे थोडं आयटीआयत आणि थोडं कारखान्यात. 200 माणसांमागे 5 हा आकडा मला कंजूषपणाचा वाटतो, हे सांगून टाकते. पण निदान दार आहे, आणि दाराला कडी आतून नाही!

मग अडतंय कुठे? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरनं तारापूरला पहिल्या पाळीला पोचायचं कसं? रात्री अकराला सुटणाऱ्या पोराला एसटी मिळते का? बरेचसे कारखाने छोटे, त्यांना ठेकेदाराकडून हेल्पर उचलणं सोपं वाटतं. पोरगं मात्र हेल्पर म्हणून शिरलं की हेल्परच राहतं. पाड्यावर दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात, शाळा मध्येच सुटते, आणि दहावी न झालेल्याला बरेचसे व्यवसाय बंद. ही गाठ वर्कशॉपमध्ये सुटणारी नाही. ती गावातच सोडवावी लागेल.

बरं, हा प्रश्न इथे नवाही नाही. तारापूरची अणुवीज 1969 पासून सुरू आहे, देशातली पहिली. पुढे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरणची घरं हलली आणि 'आमच्या पोरांना काय' हा सवाल पुन्हा उठला. आता वाढवण! 30 ऑगस्ट 2024 ला बंदराची पायाभरणी झाली. 76 हजार कोटींहून मोठा प्रकल्प. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांच्या भीतीला आधार आहे, तो विषय मी दोन ओळींत उडवणार नाही. पण बंदर उभं राहिलंच, तर क्रेनच्या केबिनमध्ये कुणी बसायचं हे उद्घाटनाच्या दिवशी ठरत नाही. आज डहाणू-तलासरीच्या आयटीआयत कोणत्या यंत्रावर कुणाचा हात बसतोय, त्यावरच ते ठरणार आहे.

कारखान्यातून निघताना तिथल्या मॅनेजरनी सरांना हळूच विचारलं, 'इन्स्ट्रुमेंटची दोन पोरं द्याल का? गेज वाचता येणारी हवीत हं, नुसतं प्रमाणपत्र नको.'

सर म्हणाले, 'तुम्ही आज शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर जागा टाका. सोमवारी पोरं घेऊन येतो, एक गेज तुम्हीच द्या त्यांच्या हातात. आणि दुसऱ्या पाळीनंतरच्या गाडीचं काय ते आधी सांगा.'

मॅनेजर वहीत लिहून घेत होते. गाडीचंही लिहिलं.