वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन एकाच टोळीत!

आधी सांगून टाकतो, कारण धीर धरवत नाही. वेताळ, जादूगार मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन हे तिघं एका टोळीत होते! एकाच अड्ड्यावर राहत होते, एकाच शत्रूशी लढत होते आणि एकमेकांच्या पोरांना दटावतही होते. शाळेच्या शेवटच्या बाकावर बसून आम्ही ज्या गोष्टी रचायचो त्यातली ही नव्हे. छापील पुरावा समोर आहे. 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ', अंक पहिला, १९८७ सालचा, अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या 'स्टार कॉमिक्स' या लहान मुलांसाठीच्या मालिकेतला. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात, तिथल्या इंग्रजी कॉमिकांच्या गठ्ठ्यात तो निघाला. कोपरे दुमडलेले, आतल्या जाहिरातीवर कुणीतरी पेनाने मिशा काढलेल्या. विकणाऱ्याने सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली. त्यालाच ते विचित्र वाटलं असावं.

ज्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' हातात धरलेलं नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून दोन शब्द. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, आणि १९९० मध्ये ते बंद झालं. सुरुवातीला सगळा वेताळच होता, मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, चष्मा लावणारा हुशार रिप किर्बी आला. मराठीतही ती पुस्तकं यायची, आणि आमच्यासाठी वेताळ मराठीच बोलायचा. 'फँटम' हे त्याचं मूळचं नाव आम्हाला कितीतरी उशिरा कळलं. ऐंशीच्या दशकात तर इंद्रजाल साप्ताहिक झालं होतं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्याकडे नवा अंक लटकलेला दिसला की पहिला प्रश्न एकच: या वेळी कोण? वेताळ असला तर उडी. मँड्रेक असला तर आनंद. फ्लॅश गॉर्डन असला तर आमच्यातले निम्मे खूश, निम्मे नाराज. मला त्याची रॉकेटं आवडायची, पण गल्लीत हे उघडपणे म्हणायची सोय नव्हती.

आणि इथेच खरी मेख होती. ते यायचे ते एकेकटे. या आठवड्यात वेताळाचं डेंकालीचं जंगल, पुढच्या आठवड्यात मँड्रेकचा डोंगरावरचा 'झॅनडू' बंगला, त्याच्या पुढच्या आठवड्यात दूरचा मोंगो ग्रह. एकाच कागदावर, एकाच छापखान्यात छापले जाणारे हे लोक एकमेकांना ओळखत कसे नाहीत, हा प्रश्न आम्हाला छळायचा. मग आम्हीच त्यांची गाठ घालून द्यायचो. वेताळाची कवटीची अंगठी आणि मँड्रेकचं संमोहन एकत्र आलं तर? वेताळावर संमोहन चालेल का? तो मुखवट्याआडून बघतो, मग नजरेला नजर भिडणार कशी? मधल्या सुट्ट्याच्या मधल्या सुट्ट्या यात गेल्या आहेत.

आणि आता कळतंय की आम्ही वाद घालत होतो त्याच वर्षांत, तिकडे अमेरिकेत, ही गाठ खरोखरच पडलेली होती! सप्टेंबर १९८६ मध्ये 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही कार्टून मालिका तिथल्या टीव्हीवर सुरू झाली. पुढच्या मे महिन्यापर्यंत ६५ भाग झाले. इंद्रजाल तेव्हा आपल्याकडे जिवंत होतं हो! इकडे स्टॉलवर वेताळ एकटा लटकत होता आणि तिकडे तो मँड्रेकशेजारी उभा राहून लढत होता, आणि आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

हे जमलं कसं, तर मालक एक. तिन्ही चित्रकथा वर्तमानपत्रांना पुरवणारी संस्था एकच, किंग फीचर्स सिंडिकेट. त्यांनी आणि मार्व्हल प्रॉडक्शन्सने मिळून ही मालिका काढली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द कुणाचे असावेत? स्टॅन ली यांचे! स्पायडरमॅनवाले. कॉमिकच्या पहिल्या अंकाचं लेखनही त्यांचंच. चित्रं ॲलेक्स साविउक यांची, जे पुढे कैक वर्षं स्पायडरमॅन काढत राहिले. म्हणजे माझ्या वेताळाला स्पायडरमॅनच्या घरचं पाणी लागलं होतं. कॉमिक मात्र चार अंकांतच आटोपलं. चार! एवढ्यात तर वेताळाची घोड्यावरची मांडसुद्धा नीट बसत नाही.

गोष्ट ऐका. काळ २०१५ सालचा, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दूरचं भविष्य. मोंगोचा क्रूर सम्राट मिंग आपला ग्रह ओरबाडून संपवतो आणि पृथ्वीकडे वळतो. फ्लॅश गॉर्डन त्याच्या कैदेतून मुलगा रिकसह निसटतो, पण फ्लॅशची बायको डेल मिंगच्या हातून जीव गमावते. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये, पहिल्याच भागात! मालिका युट्यूबवर बघायला बसलो तर इथेच चरकलो. मग डेलचं चैतन्य एका स्फटिकात उरतं आणि तो स्फटिक अड्ड्यावरच्या महासंगणकात बसतो. म्हणजे रिकची आई पुढचे सगळे भाग घरातल्या यंत्रातून बोलते. हे सुंदर आहे की भयंकर, माझं अजून ठरत नाही. बहुतेक दोन्ही.

आता वेताळ. इथे मला भांडायचंय. यातला वेताळ जंगलाच्या नावाने काहीतरी पुटपुटतो आणि त्याच्या अंगात दहा वाघांचं बळ संचारतं. मग तो खांब उपटतो, रणगाडे उलटवतो. अरे, पण वेताळ म्हणजे हे नव्हे! वेताळात दैवी असं काहीच नव्हतं, हीच तर त्याची गंमत होती. १५३६ साली एकाच्या बापाला चाचे मारतात, तो कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि मग बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. जगाला वाटतं, हा कधी मरतच नाही. सगळी ताकद त्या दंतकथेत आणि रोजच्या कसरतीत. ली फॉक यांनी १९३६ साली त्याला जन्म दिला तो पुढच्या सगळ्या उडत्या-फिरत्या महानायकांच्या आधी, आणि तरी त्याला उडायला लावलं नाही. त्याला वाघांचं बळ देणं म्हणजे पुरणपोळीवर सॉस ओतणं.

आणि आणखी एक हिशेब बघा. इंद्रजालमधला आपला वेताळ एकविसावा. टीव्हीवरचा हा सत्ताविसावा. चारशे वर्षांत एकवीस पिढ्या, हे एक वेळ पटतं. पण १९८६ च्या सुमारास एकविसावा गादीवर असेल, तर २०१५ पर्यंत सत्ताविसावा कुठून येणार? तीस वर्षांत सहा पिढ्या? कवटीच्या गुहेत काय पाळणाघर काढलं होतं का? लेखकांना वाटलं असेल, कोण मोजतंय. आम्ही मोजतोय!

पण त्याच लेखकांना सूट द्यावी अशा जागाही आहेत. एका भागात 'स्काय बँड' परत येते. विमानांवर दरोडे घालणाऱ्या बायकांची ती टोळी फॉक यांच्या अगदी सुरुवातीच्या वेताळकथांमधली, १९३६ सालची. म्हणजे कुणीतरी जुने कागद उघडून वाचले होते. आणि वेताळाची वारस कोण, तर मुलगी. जेडा तिचं नाव. तिला प्राण्यांच्या मनातलं कळतं, सोबत काळा बिबळ्या. सतराव्या वेताळाच्या बहिणीने, ज्युलीने, एकदा भावाचा पोशाख घालून वेळ निभावली होती, हे जाणकारांना आठवत असेल. पण ती वेळ निभावणं होतं. जेडा उद्याची हक्काची वेताळ आहे. मी हे बायकोला उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "मग आधी चारशे वर्षं काय करत होते?" उत्तर सुचलं नाही, म्हणून पुढचा भाग लावला.

मला सगळ्यात जास्त हरखवून टाकलं ते लोथारने. तुम्हाला लोथार आठवतो? मँड्रेकचा धिप्पाड सोबती, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. १९३४ च्या जून महिन्यात मँड्रेकची चित्रकथा सुरू झाली तेव्हा त्याच्या अंगावर बिबळ्याचं कातडं आणि डोक्यावर फेज टोपी असायची, आणि तो मोडकंतोडकं बोलायचा. मुळात आफ्रिकेतल्या टोळ्यांचा राजकुमार, पण वागणूक नोकराची. त्या काळच्या गोऱ्या वाचकांना त्यात काही खटकत नव्हतं. पहिले चित्रकार फिल डेव्हिस १९६४ मध्ये गेले, फ्रेड फ्रेडरिक्स आले, आणि मग लोथार नीट बोलायला लागला, नीट कपडे घालायला लागला. आणि इथे, या टोळीत, तो चौथा डिफेंडर आहे. फ्लॅश, वेताळ, मँड्रेक आणि लोथार. शीर्षकगीतातसुद्धा त्याची ओळख त्या तिघांच्या बरोबरीने होते. यंत्रं दुरुस्त करतो, डावपेच आखतो, आणि त्याचा मुलगा एल. जे. पोरांच्या टोळीत रिकच्या खांद्याला खांदा लावून असतो. लहानपणी आमच्या खेळात लोथार व्हायला कुणी तयार नसायचं, ज्याच्यावर राज्य यायचं त्याला लोथार करायचे. आज खेळायला बसलो तर मी आधी हात वर करीन.

मँड्रेक मात्र आहे तसाच राहिला, आणि ते बरं झालं. तीच बारीक मिशी, तोच झगा, तोच हात फिरवून भास उभा करणं. त्याच्याकडे क्शिन नावाचा एक अनाथ पोरगा शिकायला आहे, त्याच्या जादूचा निम्मा वेळ उलटाच परिणाम होतो. झफी नावाचा एक लोकरीचा गोळा आहे परग्रहावरचा, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्या काळात अशा मालिकांबरोबर खेळणी विकायची असत आणि गलूब कंपनीने या टोळीच्याही बाहुल्या काढल्या होत्या. झफी कुणासाठी घातला असेल ते कळतंच.

बरं, हे तिघं यापूर्वी अगदीच अनोळखी नव्हते, हेही या नादात हाती लागलं. वेताळ आणि मँड्रेक, दोघांचे जन्मदाते ली फॉकच. १९७७ मध्ये वेताळाचं डायनाशी लग्न लागलं तेव्हा पाहुण्यांत मँड्रेक आणि लोथार हजर होते! त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, पॉपायच्या एका टीव्ही-चित्रपटात किंग फीचर्सची अख्खी वरात गोळा केली होती, त्यात हे तिघंही होते. पालक खाणाऱ्या पॉपायबरोबर वेताळ! आणि फ्लॅश गॉर्डन रेखाटणारे ॲलेक्स रेमंड यांनीच पुढे १९४६ मध्ये रिप किर्बी उभा केला, म्हणजे या टोळीत रिप किर्बीचा नात्याने हक्क होता. त्याला का नाही घेतलं? कुणीतरी शांत डोक्याचा हवाच होता तिथे. सगळे नुसते धावतात.

एवढं सगळं पोटात ठेवून झोप लागणं शक्य नव्हतं. शाळासोबत्याला रात्री फोन केला. त्याच्याकडे आजही इंद्रजालचे बाइंडिंग केलेले खंड आहेत. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलला नाही, आणि मग विचारलं,

"बहादूर?"

"बहादूर काय?"

"बहादूर आहे का त्यात?"

आता बहादूर कसा असेल? बहादूर आपला. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी रेखाटलेला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूचा मुलगा, पोलिसाने वाढवलेला, जयगढमध्ये नागरिक सुरक्षा दल चालवणारा. तो किंग फीचर्सचा नाही, टाइम्सचा. मी हे सगळं समजावलं.

"म्हणजे मालक वेगळा म्हणून बाहेर?"

"अरे, कायदा असतो."

"कसला कायदा? आपल्या टोळीत तो होताच की. वेताळाच्या उजव्या हाताला उभा असायचा."

"आपली टोळी वेगळी रे."

"आणि बहादूरची बेला? ती एकटी मिंगच्या त्या बर्फाच्या रोबोटांना पुरून उरेल. मिंगला चंबळच्या खोऱ्यात उतरवायचा, पाणी नाही, रस्ता नाही, बघू कसा साम्राज्य करतो."

मी म्हणालो, मिंगकडे अंतराळयानं आहेत. तो म्हणाला, असू देत, डिझेल कुठून आणणार. मी म्हणालो, ती डिझेलवर चालत नाहीत. तो म्हणाला, तुला काय माहीत. मग वेताळाच्या दहा वाघांवर आलो, तिथे मात्र तो माझ्याहून जास्त भडकला. सत्ताविसाव्याचा हिशेब त्याने कागद घेऊन पुन्हा केला, पिढीला वीस वर्षं धरून, आणि उत्तर तेच आलं.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "मोबाईलवर दाखवू नकोस, मोठ्या टीव्हीवर लाव. पहिल्या भागापासून. आणि ते कॉमिक प्लॅस्टिकमध्ये घालून ठेव, मी येताना भजी आणणार आहे."