परसातले तळे

मराठी संतकाव्यात कासवीच्या दृष्टीचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा भेटतो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखालीही घेत नाही. ती नुसती पाहते आणि त्या पाहण्यावर पिले वाढतात, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्र निराळे सांगते. मादी मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिलू बाहेर येते तेव्हा त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. शेजारचे कुटुंब बदलीच्या गावी गेले आणि त्यांची दोन कासवे आमच्याकडे आली, तेव्हापासून या दोन कथनांमधले अंतर मला अस्वस्थ करीत आले आहे.

डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली. आपल्याकडचे तारा कासव घरी ठेवण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे. बाजारात मिळते ते हे परदेशी. विकताना पिलू रुपयाच्या नाण्याहून थोडेसेच मोठे असते. पुढे ते वीतभर वाढते आणि वीस-तीस वर्षे जगते. काचेचे भांडे अपुरे पडले की पुष्कळ जण ते जवळच्या तलावात सोडून येतात व त्याला मुक्ती म्हणतात. तिथे ते स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. जगातल्या १०० अत्यंत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. तेव्हा सोडणे हा मार्गच नव्हता. उरला तो तळ्याचा.

परसात आठ फूट लांब, पाच फूट रुंद खड्डा खणला. सर्वांत खोल भाग दोन फुटांचा, तिथून एका बाजूला चढत जाणारा उतार. उतारावर खरबरीत काळा दगड, म्हणजे नखे रुततात. वर एक सपाट शिळा, सकाळचे ऊन थेट पडेल अशी. दुसऱ्या टोकाला पेरूची सावली. कासवाचे रक्त थंड. उन्हावाचून त्याला अन्न पचत नाही, पाठ टणक होत नाही, आणि सदैव ओली राहिलेली पाठ कुजू लागते. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून कातडीला व डोळ्यांना बाधतो. म्हणून केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून तीन आठवडे तळे भरायचे आणि उपसायचे एवढेच काम चालले होते. काठाची वरची वीट आत झुकती बसवली, कारण कासवे चढतात. मुंगसासाठी वर जाळी. काठाशी भुसभुशीत मातीचा एक वाफा, कारण नराशिवायही मादी अंडी धरते आणि घालायला जागा न मिळाल्यास ती पोटात अडकून जीव जाऊ शकतो. कासवे पाण्यातच खातात आणि घाणही पाण्यातच करतात. तळाच्या नळीतून ते पाणी अळू आणि केळीकडे वळवले आहे.

आपल्या कित्येक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. गीतेतही अवयव आत ओढून घेणारे कासव स्थितप्रज्ञाची उपमा होऊन आले आहे. प्रतीक म्हणून हा प्राणी आपल्याला फार सोयीचा, कारण प्रतीकाला खायला घालावे लागत नाही. परसातली ही दोघे स्थितप्रज्ञ वगैरे काही नाहीत. पावलांची चाहूल लागताच माना उंचावून काठाशी येतात. ही ओढ माझी की अन्नाची, या प्रश्नात मी शिरत नाही.

मराठीत प्राणी पाळतात आणि वचनही पाळतात. क्रियापद एकच. तळे बांधताना त्याचा अर्थ मला आकड्यांत कळला: कासवे बारा वर्षांची आहेत, मी अठ्ठावन्नचा. हिशेब साधा आहे. हे वचन माझ्या आयुष्याला पुरून उरण्याचा संभव आहे. कासवी निघून जाते ती निसर्गाच्या भरवशावर; आमच्या परसात तो भरवसा नाही, कारण तिथला निसर्ग विटा रचून मीच केलेला आहे. पाहण्याचे काम कुणीतरी करीत राहिले पाहिजे.

म्हणून सध्या एका वहीत लिहितो आहे: नळी कुठे उघडते, पाणी किती दिवसांनी बदलायचे, थंडीत खाणे का कमी होते, वाफ्यातली माती केव्हा उकरायची नाही. पहिल्या पानावर एकच सूचना आहे – काहीही झाले तरी यांना नदीत सोडू नये. वही कोणाच्या हाती द्यायची, ते नाव अजून लिहायचे आहे.