सेंट क्रॉय नदीवरून दोन पत्रे

टेलर्स फॉल्स, मिनेसोटा
२८ जून

ती. आईस,


काल दिवसभर नदीत होते. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे; वरच्या दलदलीतल्या पाल्यापाचोळ्याचा रंग उतरतो, तरी तळ दिसतो. दोन्ही काठांना काळा कातळ, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा, पण ११० कोटी वर्षांपूर्वीचा.

गुडघाभर पाण्यात वाकून पाहते तो वाळूत अर्धा रुतलेला मुठीएवढा शिंपला, आणि त्याच्या फटीशी एक इवली मासोळी शेपूट हलवत होती. डोळ्याचा ठिपकासुद्धा होता! सोबतच्या जीवशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, ती मासोळी नव्हे, शिंपल्याच्याच अंगाची झालर आहे. मादी ती हलवत राहते. बास मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि तिची हजारो पिल्ले त्याच्या तोंडात उसळतात, कल्ल्यांना चिकटतात. काही आठवड्यांनी सुटून तळाशी पडतात. आई, ज्याला धड डोकेसुद्धा नाही, त्या जिवाच्या अंगावर हुबेहूब मासा उमटावा! माझा पाय तिथून निघेना.

स्टिलवॉटर
१ जुलै

ती. आईस,

या एका नदीत शिंपल्यांच्या चाळीसएक जाती आहेत. १९६८ साली अमेरिकेने कायदा करून पहिल्या आठ नद्या राखल्या, त्यांत ही होती. ‘विंग्ड मॅपललीफ’ नावाचा शिंपला १९९१ मध्ये संकटग्रस्त ठरला, तेव्हा तो फक्त इथेच उरलाय असे मानत. त्याची पिल्ले कॅटफिशच्या कल्ल्यांवर वाढतात. मासा धरणाशी अडला, तर वरचे शिंपले जगतात, पण त्यांचा वंश खुंटतो.

खालच्या पात्रात मात्र परदेशी झेब्रा शिंपले शिरलेत. नखाएवढे, पण मोठ्यांच्या पाठीवर थरावर थर बसून त्यांना गुदमरवतात. बोटींना चिकटून ते वर जाऊ नयेत म्हणून या गावाच्या वर एका ठिकाणापुढे खालून आलेली बोट नेऊच देत नाहीत. मला हे फार बरे वाटले.

काठावर रिकामा शिंपला सापडला. उन्हात धरला तर आतून मोतिया, कडेला किंचित गुलाबी. न्यायला बंदी आहे. होता तिथेच ठेवला. आजी ज्या शिंपीने आम्हांला दूध पाजायची, ती फडताळात असेल तर काढून ठेव. तिच्या पाठीवरच्या वाढीच्या रेघा मला आल्यावर मोजायच्या आहेत.

तुझी,
सुमा